घर्षण कमी म्हणजे झीज कमी, असे नव्हे: कृत्रिम खुब्यातील गोळा आणि वाटी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या आईंचे वय ५८ आहे, उजव्या खुब्याचा सांधा पूर्ण खराब झाला असून सांधेरोपण ठरले आहे. सर्जननी दोन पर्याय पुढे ठेवले आहेत: क्रॉसलिंक केलेल्या (म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या) पॉलिथिलिन या प्लास्टिकच्या वाटीत कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूचा गोळा, किंवा त्याच वाटीत सिरॅमिकचा गोळा. एका नातेवाइकांनी मात्र गोळा आणि वाटी दोन्ही सिरॅमिकचेच घ्या असा आग्रह धरला आहे. आपण स्वतः बेअरिंगच्या कारखान्यात काम करता, त्यामुळे ज्या जोडीचे घर्षण सर्वांत कमी आणि कठीणपणा सर्वांत जास्त ती डोळे मिटून का घेऊ नये, आणि चकचकीत धातूसमोर प्लास्टिक ठेवण्यात कोणते शहाणपण आहे, असे आपण विचारले आहे. मी गेली वीसहून अधिक वर्षे इम्प्लांटच्या झिजेच्या चाचण्या करते आणि फेरशस्त्रक्रियेत काढलेले जुने भाग तपासते. शस्त्रक्रिया हे माझे क्षेत्र नव्हे, त्यामुळे आईंच्या हाडांविषयी सर्जनच बोलतील. पदार्थांविषयी मला जे ठामपणे सांगता येते ते इथे सविस्तर लिहिते.

कारखान्यातला आपला अनुभव इथे एका जागी दगा देतो. बेअरिंगमध्ये घर्षण वाढले की उष्णता वाढते आणि वीज वाया जाते, म्हणून घर्षण कमी करणे हेच तिथे ध्येय असते. खुब्यात चालताना शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच ते तीनपट भार येतो, आणि बर्लिनमध्ये मापक बसवलेल्या इम्प्लांटनी दाखवून दिले आहे की माणूस अडखळला तर तो क्षणभर सात-आठपटींपर्यंत जातो. तरीही २,००० न्यूटन भार, १४ मि.मी. त्रिज्या आणि ०.०६ हा घर्षण गुणांक धरला, तर वाटीला फिरवू पाहणारे आघूर्ण जेमतेम १.७ न्यूटन-मीटर भरते. हाडात नीट बसलेली वाटी याच्या कित्येक पट सोसते. म्हणजे पायाला जाणवेल किंवा वाटी सैल करील एवढे घर्षण आजच्या कोणत्याही नीट बसवलेल्या जोडीत नसते. प्रश्न आहे तो घासून निघालेल्या चुऱ्याचा. आपल्या यंत्रात तेल बदलता येते आणि फिल्टर बसवता येतो. सांध्यात फिल्टर नाही, आणि निघालेला प्रत्येक कण कुठल्या ना कुठल्या पेशीच्या वाट्याला येतो.

घर्षण आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या क्षेत्राला फार महागात पडून कळले. इंग्लंडच्या लँकेशायरमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस खुब्यासाठी टेफ्लॉनची वाटी वापरायला सुरुवात केली. त्यामागचे तर्कशास्त्र अगदी आपल्यासारखेच होते: ज्ञात घन पदार्थांत टेफ्लॉनचे घर्षण जवळजवळ सर्वांत कमी. सुमारे ३०० रुग्णांमध्ये त्या वाट्या बसल्या, रुग्णांच्या वेदना थांबल्या, आणि दोन-तीन वर्षांत गोळा टेफ्लॉनमध्ये मिलिमीटर-मिलिमीटरने घुसत गेला. सांध्याभोवती चुऱ्याचे ढीग साचले, हाड खाल्ले गेले, आणि चार्नलींना स्वतःच्याच रुग्णांच्या सांध्यांतून त्या वाट्या काढाव्या लागल्या. हा चुरा शरीराला खरोखर त्रास देतो का हे पाहण्यासाठी त्यांनी तो स्वतःच्या मांडीत टोचून घेतला होता. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या.

यातून सुटका झाली ती योगायोगाने. १९६२ मध्ये त्यांच्या कार्यशाळेतील तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांच्याकडे एक विक्रेता नव्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. ते प्लास्टिक तेव्हा लँकेशायरच्या कापड गिरण्यांत यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी वापरले जात होते. इचलकरंजीच्या माणसाला हे वाचून नवल वाटणार नाही. दिवसरात्र ठोके खाणारा भाग ज्याला बनवायचा आहे, त्याने झिजेचा अभ्यास आधीच केलेला असतो. चार्नलींनी नखाने ओरखडून तो तुकडा बाजूला सारला, पण क्रेव्हन यांनी तो यंत्रावर लावलाच. तीन आठवडे अहोरात्र चालवूनही त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेएवढी झाली नाही. हेच अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिलिन. त्याचे घर्षण टेफ्लॉनपेक्षा जास्त आहे, तरी नोव्हेंबर १९६२ पासून आजपर्यंत खुब्याची बहुतेक वाटी त्याचीच असते.

झिजेचा साधा नियम आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडला: झिजलेले आकारमान हे भार आणि सरकलेले अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, आणि मधला स्थिरांक त्या जोडीचा व तिथल्या परिस्थितीचा असतो. या सूत्रात घर्षण गुणांक कुठेही येत नाही. सरकलेले अंतर मात्र येते, आणि म्हणून गोळ्याचा व्यास महत्त्वाचा ठरतो. चार्नलींनी २२.२२५ मि.मी., म्हणजे सात अष्टमांश इंच, एवढा लहान गोळा घेतला तो आघूर्ण कमी राहावे म्हणून. त्याचा फायदा झिजेतही झाला. जुन्या, क्रॉसलिंक न केलेल्या पॉलिथिलिनमध्ये गोळा वर्षाला सरासरी ०.१ मि.मी. आत सरकतो असे धरू. २८ मि.मी. व्यासाच्या गोळ्यासाठी त्याचे आकारमान सुमारे ६० घन मि.मी. होते, आणि ३६ मि.मी.च्या गोळ्यासाठी तेवढ्याच खोलीला १०० घन मि.मी.हून अधिक. साठ घन मि.मी. म्हणजे वजनात साठ मिलिग्रॅमही नाही, चिमूटभर मिठाहूनही कमी. पण या चुऱ्यातील बहुतांश कण एका मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) लहान असतात. सोयीसाठी सगळे कण अर्ध्या मायक्रॉनचे धरले, तर वर्षाला सुमारे ९०,००० कोटी कण होतात. माणूस वर्षाला त्या पायावर दहा लाख पावले टाकतो असे मानले, तर प्रत्येक पावलाला नऊ लाख.

आकार का महत्त्वाचा, तर साधारण दशांश मायक्रॉन ते काही मायक्रॉन एवढेच कण आपल्या भक्षक पेशी गिळू शकतात. जिवाणू समजून त्या पॉलिथिलिनचा कण गिळतात, तो पचत नाही, आणि चिडलेली पेशी जे रासायनिक संदेश सोडते त्यांनी हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. इम्प्लांटभोवतीचे हाड असे आतून पोखरले जाते. १९७० आणि ८०च्या दशकांत याचा दोष इम्प्लांट हाडात पक्के करणाऱ्या बोन सिमेंटवर ढकलला गेला, त्याला ‘सिमेंटचा आजार’ असे नावही मिळाले आणि सिमेंटशिवाय बसणारे इम्प्लांट बाजारात आले. पोखरण त्यांच्याभोवतीही झाली, कारण वाटी तीच होती. या विकाराचा सर्वांत वाईट भाग हा की तो बराच काळ दुखत नाही. अनुभवावर आधारलेला ढोबळ ठोकताळा असा आहे की, वर्षाला ०.१ मि.मी.पेक्षा कमी झीज असेल तर पोखरण क्वचित होते आणि ०.०५ मि.मी.च्या खाली ती जवळजवळ दिसतच नाही.

माझ्या टेबलावर आलेली एक वाटी अजून लक्षात आहे. चौदा वर्षे शरीरात राहून ती बाहेर आली होती. भिंगाखाली धरली तर खालच्या अर्ध्या भागात लेथच्या टूलच्या बारीक वर्तुळाकार रेषा जशाच्या तशा होत्या, जणू ती कालच कारखान्यातून निघाली. वरचा अर्धा भाग मात्र आरशासारखा गुळगुळीत, आणि दोघांच्या मध्ये बोटाला लागेल असा कंगोरा. गोळ्याने स्वतःसाठी जुन्या वाटीच्या आत दुसरी, थोडी वर सरकलेली वाटी कोरली होती. मग आम्ही तिचा पातळ काप घेऊन प्रकाशासमोर धरला. पृष्ठभागाखाली साधारण एक-दीड मिलिमीटरवर पांढरट पट्टा होता, आणि तिथे नखाने दाबले की भुगा पडत होता. दोन स्वतंत्र दोष एकाच वाटीत होते: एक चालण्याचा, आणि एक रुग्ण चालायला लागण्यापूर्वीचाच.

चालण्याचा दोष समजण्यासाठी पॉलिथिलिनची घडण पाहिली पाहिजे. त्याची रेणुसाखळी अफाट लांब असते, रेणुभार वीस ते साठ लाख. धातू त्यावर एकाच दिशेने पुढे-मागे घासला, तर वरच्या थरातील साखळ्या विंचरलेल्या कापसासारख्या त्या दिशेला ओळीने लागतात आणि झीज आश्चर्यकारकरीत्या कमी होते. पण चालताना गोळ्यावरचा बिंदू सरळ रेषेत जात नाही, तो बंद वळसा घेतो. त्यामुळे साखळ्या एका दिशेला लागतात आणि घासणारा गोळा त्यांना आडवा छेदतो. या आडव्या छेदामुळे झीज दहा ते शंभर पटींनी वाढू शकते. कित्येक वर्षे जगभरातील प्रयोगशाळांमध्ये साध्या पुढे-मागे यंत्रावर चाचण्या होत राहिल्या आणि पॉलिथिलिन अमर आहे असे आकडे निघत राहिले.

अशाच एका फसव्या आकड्याची मी स्वतः धनी आहे. सुरुवातीच्या काळात, मी ज्या प्रयोगशाळेत शिकत होते तिथे सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) महाग म्हणून आम्ही वंगण म्हणून ऊर्ध्वपातित पाणी घातले. आलेख फारच सुंदर आला. नंतर गोळा पुसताना त्यावर साय धरल्यासारखा थर दिसला. पाण्यात पॉलिथिलिन धातूवर चिकटून बसले होते आणि आम्ही प्रत्यक्षात प्लास्टिकवर प्लास्टिक घासत होतो. प्रथिने असलेल्या द्रवात, म्हणजे शरीरात, असा थर तयार होत नाही. तीन महिन्यांचे काम फेकून द्यावे लागले.

आज खुब्याची चाचणी आयएसओ १४२४२ या मानकानुसार होते: वासराचे पातळ केलेले सीरम, ३७ अंश सेल्सिअस, ३,००० न्यूटनपर्यंत चढणारा भार, तिन्ही अक्षांवरील हालचाल, सेकंदाला एक पाऊल आणि एकूण ५० लाख पावले. यंत्र एकदाही न थांबता चालले तरी हे ५८ दिवस होतात. सीरम दर पाच लाख पावलांनी बदलावे लागते (न बदलल्यास काय वास येतो ते लिहीत नाही), वाट्या धुवून, वाळवून ०.१ मिलिग्रॅमपर्यंत तोलाव्या लागतात, म्हणजे व्यवहारात तीन महिने जातात. इथे एक गंमत सांगते. उत्तम क्रॉसलिंक केलेली वाटी दहा लाख पावलांनंतर कधीकधी सुरुवातीपेक्षा जड भरते. झीज इतकी कमी की प्लास्टिकने शोषलेला द्रव तिच्यापेक्षा जास्त होतो. म्हणून शेजारच्या भांड्यात एक वाटी नुसती भाराखाली भिजत ठेवायची असते आणि तिची वाढ वजा करायची असते. एखाद्या माहितीपत्रकात ‘झीज शून्य’ असे छापलेले दिसले, तर ही वजाबाकी कशी केली ते मी आधी विचारते.

आता दुसरा दोष, तो पांढरा पट्टा. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाट्या गॅमा किरणांनी हवेतच निर्जंतुक केल्या जात. २५ ते ४० किलोग्रे (किलोग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) एवढ्या मात्रेने साखळ्या तुटतात आणि मुक्त मूलके, म्हणजे कशाशीही जोडू पाहणारी अस्थिर टोके, तयार होतात; ऑक्सिजन मिळाला की ती वर्षानुवर्षे प्लास्टिकला आतून सडवत राहतात. पाकीट गोदामात पडून असतानाही हे चालूच असते. म्हणजे पाच-सहा वर्षे कपाटात राहिलेली वाटी रुग्णाच्या शरीरात जाण्याआधीच म्हातारी झालेली असे. पण त्याच किरणांचा दुसरा परिणाम उपकारक निघाला: तुटलेल्या साखळ्या शेजारच्या साखळीशी बांधल्या जातात, आणि बांधलेल्या साखळ्यांना आडवा छेद सहजी सोलून काढू शकत नाही. त्यामुळे १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून ५० ते १०० किलोग्रे एवढी मुद्दाम मोठी मात्रा देऊन, मग उरलेल्या मुक्त मूलकांचा बंदोबस्त करून वाट्या बनवल्या जाऊ लागल्या. बंदोबस्ताच्या तीन रीती आहेत. सुमारे १३५ अंशांच्या वितळणबिंदूच्या वर तापवले तर मूलके जवळजवळ संपतात पण स्फटिकांचे प्रमाण घटून ताकद कमी होते. वितळणबिंदूच्या खाली तापवले तर ताकद राहते पण काही मूलके उरतात. आणि तिसरी रीत म्हणजे ई जीवनसत्त्व मिसळून मूलकांना निष्प्रभ करणे. तिन्ही रीती व्यवहारात चांगल्या ठरल्या आहेत. किंमत एकच मोजावी लागते: क्रॉसलिंक केलेले प्लास्टिक झिजत कमी असले तरी थकव्याने तडकायला अधिक तयार असते, त्यामुळे वाटी फार उभी बसली आणि पातळ काठावर भार आला तर काठ तुटू शकतो.

ऑस्ट्रेलियाच्या सांधेरोपणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत क्रॉसलिंक केलेल्या वाटीचा फेरशस्त्रक्रियेचा दर दीड दशकानंतर जुन्या पॉलिथिलिनच्या जवळपास निम्मा दिसतो. पाच-सात वर्षांनी बाहेर आलेल्या अशा वाट्यांमध्ये मी लेथच्या रेषा वरच्या अर्ध्या भागातही पाहिल्या आहेत.

आता आपल्या मूळ शंकेकडे येते: दोन्हीकडे कठीण पदार्थ का नको? धातूवर धातूचा प्रयोग दोनदा झाला, एकदा १९६०च्या दशकात आणि पुन्हा १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात. दुसऱ्या वेळी आमच्यासारखे झिजेचे अभ्यासक खरोखर उत्साहात होते. कोबाल्ट-क्रोमच्या दोन अचूक घासलेल्या पृष्ठभागांमध्ये मोठ्या व्यासाला द्रवाची पातळ साय टिकते आणि झिजेचे आकारमान पॉलिथिलिनच्या तुलनेत कित्येक पट खाली येते. सिम्युलेटरवरचे, म्हणजे चालण्याची नक्कल करणाऱ्या चाचणीयंत्रावरचे, आकडे तसेच होते आणि ते खोटे नव्हते. पण ते आकडे वाटी आदर्श कोनात बसलेली असताना घेतलेले होते. वाटी थोडी उभी बसली की गोळा काठावर टेकतो, साय फाटते आणि धातू धातूला घासतो. निघणारे कण काही दशक नॅनोमीटरचे असतात, म्हणजे आकारमान कमी असूनही त्यांची संख्या अधिक. शिवाय ते विरघळून कोबाल्ट आणि क्रोमियमचे आयन रक्तात जातात आणि सांध्याभोवतीचे स्नायू मरून गाठी होतात. ब्रिटनच्या नियामकाने रक्तात लिटरला ७ मायक्रोग्रॅम ही लक्ष ठेवण्याची पातळी ठरवली. ऑगस्ट २०१० मध्ये एएसआर हा अशा प्रकारचा खुबा जगभरातून परत बोलावला गेला, तेव्हा तो सुमारे ९३,००० रुग्णांत बसलेला होता आणि इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीत पाच वर्षांत बारा-तेरा टक्के फेरशस्त्रक्रिया दिसत होत्या. त्याची वाटी अर्धगोलापेक्षा उथळ होती, म्हणून काठावर भार येणे अधिक सोपे होते. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि त्यांतील बहुसंख्य रुग्णांचा नंतर पत्ताच लागेना. हा मुद्दा शेवटी पुन्हा लागणार आहे.

सिरॅमिकवर सिरॅमिकची गोष्ट अशी अशुभ नाही. फ्रान्समध्ये पियेर बुताँ यांनी १९७० मध्ये ॲल्युमिना या सिरॅमिकची जोडी पहिल्यांदा वापरली, आणि आज ॲल्युमिनाच्या पायात सुमारे १७ टक्के झिर्कोनिया हे दुसरे सिरॅमिक मिसळलेला जो गुलाबीसर पदार्थ सर्वत्र दिसतो, तो त्याचा सुधारित वारस आहे. त्याची झीज उपलब्ध जोड्यांत सर्वांत कमी आणि त्याचा चुरा शरीराला जवळजवळ निरुपद्रवी. तरीही आपल्या नातेवाइकांच्या आग्रहाला मी तीन कारणांनी थोपवीन. पहिले, काठावर भार आला तर ही जोडी काही रुग्णांत चक्क कुरकुरते. जिना चढताना मागच्या माणसाला ऐकू जाईल इतकी. दुसरे, आधुनिक सिरॅमिकचा गोळा फुटणे अत्यंत दुर्मिळ असले, तरी वाटीतले पातळ सिरॅमिक अस्तर (लायनर) बसवताना किंचित तिरका गेला तर त्याचा टवका उडू शकतो. आणि एकदा सिरॅमिक फुटले, की त्याचे बारीक तुकडे ऊतींत कायमचे राहतात. त्यानंतर चुकूनही धातूचा गोळा बसवायचा नसतो, कारण ते तुकडे त्याला काही महिन्यांत कानशीसारखे घासून काढतात आणि कोबाल्टची विषबाधा होऊन हृदयापर्यंत प्रकरण गेल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. तिसरे कारण म्हणजे त्याचा वाढीव फायदा आता फारसा उरलेला नाही: पॉलिथिलिन जुने होते तेव्हा फरक प्रचंड होता, क्रॉसलिंक केल्यानंतर तो फरक रुग्णाला जाणवेल असा राहिलेला नाही.

सिरॅमिकविषयी आपल्यासारख्या उत्पादनातील माणसाला आवडेल असे एक प्रकरण आहे. झिर्कोनिया हा ॲल्युमिनापेक्षा अधिक चिवट म्हणून १९८० आणि ९०च्या दशकांत त्याचे गोळे लोकप्रिय झाले. त्याची चिवट स्फटिकरचना खोलीच्या तापमानाला मुळात अस्थिर असते, यट्रिया हे ऑक्साइड मिसळून ती अडवून धरलेली असते, आणि ती सुटली की आकारमान तीन-चार टक्के वाढून पृष्ठभाग खरबरीत होतो. एका फ्रेंच उत्पादकाचे गोळे शरीरात फुटू लागले आणि २००१ मध्ये ते परत बोलावावे लागले. पदार्थ तोच, आरेखन तेच. एकेक घाणा भाजण्याच्या भट्टीऐवजी सलग चालणारी बोगदा-भट्टी आणली होती, एवढाच बदल. भट्टी बदलली की ते नवे उत्पादन असते, हे आपल्या कारखान्यातही कुणी तरी भिंतीवर लावून ठेवले असेल.

राहिली निवड धातूच्या आणि सिरॅमिकच्या गोळ्यामध्ये, दोन्हींसमोर तीच क्रॉसलिंक केलेली वाटी. दोन्ही गोळे नवे असताना फरक नगण्य असतो. मानकानुसार धातूच्या गोळ्याचा खरबरीतपणा ०.०५ मायक्रॉनच्या आत आणि सिरॅमिकचा ०.०२ च्या आत असावा लागतो, तर वाटीला २ मायक्रॉनपर्यंत सूट आहे. फरक पडतो तो ओरखडा आल्यावर. बोन सिमेंट क्ष-किरणात दिसावे म्हणून त्यात बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम ऑक्साइडची पूड असते, आणि झिर्कोनियम ऑक्साइड कोबाल्ट-क्रोमपेक्षा कितीतरी कठीण आहे. असा कण किंवा हाडाचा चुरा मध्ये अडकला, तर धातूवर चर पडते आणि नांगराच्या तासाप्रमाणे तिच्या दोन्ही काठांवर धातू उचलला जातो. प्लास्टिकला कापतो तो हा उचललेला काठ. डंकन डाउसन यांच्या लीड्समधील गटाने १९८७ मध्ये दाखवले की असा एकच आडवा ओरखडा झीज अनेक पटींनी वाढवू शकतो. सिरॅमिक मुळात ओरखडत नाही, आणि ओरखडले तरी ठिसूळ असल्यामुळे त्याचा काठ उचलला जात नाही.

दुसरा फरक गोळ्याच्या आतल्या बाजूला आहे, आणि तो रुग्णांना कुणी सांगत नाही. गोळा स्टेमच्या, म्हणजे मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याच्या, निमुळत्या टोकावर ठोकून बसवतात, आपल्याकडे टूल-शँक (हत्याराचा निमुळता दांडा) बसवतात तसा. प्रत्येक पावलाला तिथे काही मायक्रॉनची हालचाल होते, धातूवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर खरवडला जातो, फटीतला खारा द्रव आम्ल होतो आणि गंज सुरू होतो. कोबाल्ट-क्रोमचा गोळा टायटॅनियमच्या स्टेमवर असेल आणि गोळा मोठा असेल तर हे अधिक संभवते; सिरॅमिकच्या गोळ्यात ते बरेच कमी आढळते. सर्जनने ते टोक कोरडे पुसून, गोळा एकदाच पण नीट ठोकून बसवला आहे की नाही, यावर पदार्थाइतकेच अवलंबून असते.

म्हणून ५८ वर्षांच्या आणि हिंडत्याफिरत्या बाईंसाठी, खर्च झेपत असेल तर क्रॉसलिंक केलेल्या वाटीत ३२ किंवा ३६ मि.मी.चा सिरॅमिकचा गोळा, हे माझे उत्तर आहे. खर्च झेपत नसेल तर धातूचा गोळा घेताना अपराधी वाटून घेऊ नका. वाटी क्रॉसलिंक केलेली आहे याची खात्री करणे हे गोळ्याच्या निवडीपेक्षा महत्त्वाचे आहे. आणि त्याहून महत्त्वाचा वाटीचा कोन, जो ४० अंशांच्या आसपास असावा असे साधारणपणे मानतात. अशा शस्त्रक्रिया नियमित करणारे हात निवडा.

आईंचा गुडघाही दुखतो असे आपण ओघात लिहिले आहे, म्हणून एक इशारा. खुब्याचे आकडे गुडघ्याला लावू नका. गुडघ्यात गोळा वाटीत बसलेला नसतो, लहान जागेवर मोठा दाब येतो आणि पॉलिथिलिन घासण्यापेक्षा थकून खवल्यांनी निघते. म्हणून तिथे प्लास्टिकची जाडी आणि चिवटपणा आधी पाहतात. सोनेरी रंगाच्या गुडघ्याची सध्या फार चौकशी होते. तो रंग टायटॅनियम नायट्राइडच्या काही मायक्रॉन जाडीच्या लेपाचा असतो. धातूची ॲलर्जी असलेल्यांना त्याचा विचार करता येतो, पण त्याने गुडघा तीस वर्षे टिकतो असे रुग्णांवरच्या नोंदींतून सिद्ध झालेले नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती ठरवल्या, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमची ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमची ७६,६०० रुपये होती. त्यापूर्वी याच वस्तूंसाठी लोकांनी किती मोजले हे आठवले की चमकेवर बोलण्याचा उत्साह राहत नाही.

दोन कामे आपण स्वतः करा. इम्प्लांटच्या प्रत्येक पाकिटावर भागाचे नाव, मापे आणि लॉट क्रमांक असलेले स्टिकर असते. शस्त्रक्रियेनंतर त्यांची प्रत मागून घ्या आणि आईंच्या कागदपत्रांसोबत घरात ठेवा. एएसआरच्या वेळी रुग्ण सापडले नाहीत याचे एक मोठे कारण हे होते की कुणाच्या शरीरात काय आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते. दुसरे म्हणजे, दुखत नसले तरी ठरलेल्या मुदतीने एक्स-रे काढत राहा आणि पहिल्या काही आठवड्यांतला एक्स-रे जपून ठेवा, कारण पुढची सारी मोजमापे त्याच्याशी ताडली जातात. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत गोळा ०.१ ते ०.२ मि.मी. आत गेलेला दिसला तर घाबरू नका. ती बहुतांशी झीज नसते. भाराखाली प्लास्टिक दबून गोळ्याच्या आकाराला बसत असते. त्यानंतर दरवर्षी किती सरकतो, तो आकडा खरा.